दादाचा झरोका

छोटीने भिंतीला तळहात लावला आणि भिंत मागे सरकली. फार नाही. गर्दीत धक्का लागल्यावर एखादा माणूस जेवढा सरकतो तेवढीच, आणि तशीच नाराजीने जागेवर परत आली. छोटीने हात काढून घेतला.

"हात नको लावू," मागून बाबा म्हणाले. "ओली आहे अजून."

"प्लास्टर होऊन महिना झाला ना?"

"मग? भिंत म्हणजे काय आंघोळ आहे, पुसलं की कोरडं?"

गॅरेज नवंकोरं होतं. आत सिमेंटचा वास होता, एक प्लास्टिकची खुर्ची होती, आणि गाडी नव्हती. गाडी दादाची यायची होती. दादा परदेशात असे आणि परत आला की गाडी घेणार होता, असं तो एकदा फोनवर म्हणाला होता, बहुधा फोन ठेवायच्या घाईत. तेवढ्या भांडवलावर बाबांनी घराला लागून गॅरेज उभं केलं. छोटीची स्वतःची गाडी होती. दर रविवारी ती आली की गाडी रस्त्यावर उन्हात तापत राही. आत लावू का, असं तिने एकदा विचारलं होतं. "आणि तो अचानक आला तर?" बाबांनी विचारलं. विमानातून उतरलेला माणूस गाडीसकट अचानक कसा येईल, हे विचारायचं छोटीने टाळलं होतं.

छोटी ही दोघा भावंडांत थोरली. तिच्या चष्म्याचा वाचायचा नंबर वेगळा आणि लांबचा वेगळा झाला होता, तरी घरात ती छोटीच. धाकटा मात्र जन्मला त्याच दिवशी दादा झाला, कारण घराला एक दादा हवा होता आणि ती जागा रिकामी होती.

छोटीचा धंदा इमारती पडू न देण्याचा. ती स्ट्रक्चरल इंजिनिअर होती आणि तिच्या एका सहीसाठी भलेभले बिल्डर तिच्या ऑफिसच्या बाकावर तोंड पाडून बसत. बाबा वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू खोटे ठरवल्यामुळे आपला काटा कधी चुकत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. गॅरेजचा नकाशा त्यांनी स्वतः काढला. घरात इंजिनिअर असताना बाहेरचा माणूस कशाला, असं ते गवंड्याला म्हणाले होते, आणि इंजिनिअर म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर ते स्वतःच होते.

"बाबा, ही भिंत वाऱ्याने पडेल," छोटी म्हणाली.

"आल्या आल्या शुभ बोल की जरा."

छोटीने समजावून सांगितलं. मागची ही भिंत, जिच्या वरच्या भागात छपराच्या दोन उतारांमध्ये विटांचा त्रिकोण उभा राहतो, ती फक्त अर्ध्या विटेची होती. एवढ्या लांबीत कुठे खांब नाही. छपराचा शेवटचा वासा भिंतीपासून वीतभर अंतरावर, ओळख नसल्यासारखा उभा. वरचा त्रिकोण कशालाच बांधलेला नव्हता, नुसता स्वाभिमानावर उभा होता. आतून मध्यभागी एक खांब हवा, खालपासून पार टोकापर्यंत. आणि लोखंडी पट्ट्या हव्यात. एक टोक भिंतीत रोवायचं, उरलेली पट्टी दोन-तीन वाशांवरून नेऊन ठोकायची, म्हणजे वारा आला की भिंत एकटी पडणार नाही, सगळं छप्पर तिला धरून ठेवेल.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," ते म्हणाले. "कुणा जाणत्याला विचारतो."

पहिला जाणता म्हणजे गवंडी. त्याने एका बोटाने भिंत ढकलली, ती हलली, आणि त्याचा चेहरा उजळला. "साहेब, हलते म्हणजे जिवंत आहे. ताठ भिंतीलाच तडा जातो." बाबांनी छोटीकडे पाहिलं. भिंत अर्ध्या विटेची का, असं छोटीने गवंड्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेबांच्या नकाशात तसं होतं," आणि साहेबांनी अभिमानाने मान डोलावली.

दुसरे जाणते म्हणजे शेजारचे दंतवैद्य. बाबांनी त्यांना कुंपणावरून हाक मारून आणलं. त्यांनी भिंत अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरल्यासारखं करून हळूच हलवून पाहिली, वाकून मुळाशी पाहिलं, आणि म्हणाले, "हलतेय. पण काढावी लागणार नाही. पकड आहे अजून." त्यांना स्वतःलाही तसंच गॅरेज बांधायचं होतं. जाताना ते बाबांच्या नकाशाची नक्कल घेऊन गेले.

"झालं समाधान?" बाबा म्हणाले.

भिंतीच्या पलीकडे दुपारची सावली पडत असे. त्या सावलीत स्टूल टाकून आई मटार सोलत बसायची. घर तापायचं आणि पंख्याखाली बाबा झोपायचे, म्हणून तिची दुपारची जागा तीच. छोटी मागे गेली तेव्हा आई परातीत शेंगा घेऊन बसली होती आणि तिच्या डोक्यावर तो त्रिकोण होता.

"आई, ऊठ इथून."

"का गं?"

"भिंत पडेल."

आईने मान वर करून पाहिलं. घाबरली नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर चहाचं आधण वाढवावं, तेवढ्याच शांतपणे तिने स्टूल जरासं पुढे ओढलं. "एवढं चालेल?"

"आई, भिंत पडताना मोजून पडत नाही. तू घरात बस."

"घरात बसले तर विचारतील, बाहेर का बसत नाहीस. मग सांगावं लागेल, भिंतीची भीती वाटते. मग त्यांना वाटेल, माझ्या भिंतीवर हिचा विश्वास नाही." आईने एक शेंग मोडली. "त्यापेक्षा भिंत बरी."

आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच ऐकायला जड जात होतं.

"दादाकडून सांगव," आई म्हणाली.

"काय?"

"तू सांगितलंस ना, खांब आणि पट्ट्या? तेच दादाला सांग. तो यांना सांगेल. त्याचं ऐकतात."

"दादा बिस्किटांच्या पुड्यांवर चित्र कोणतं छापायचं ते ठरवतो, आई. त्याला भिंतीतलं काय कळतं?"

"त्याला कळायला कशाला हवंय? त्याने बोलायला हवंय." आईने आवाज खाली आणला. "माझं पोटाचं ऑपरेशन आठवतं? डॉक्टरांनी मला सांगितलं, मी यांना सांगितलं, तर म्हणाले, ओवा खा. शेवटी दादाला फोन करून म्हटलं, तूच विचार, आईला डॉक्टरकडे नेलं का म्हणून. दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात." ती हसली. "घरातला गॅस, तुझं इंजिनिअरिंग, सगळं असंच आलंय."

"माझं इंजिनिअरिंग?"

"मग? तेव्हा तो शाळेत होता. मी त्याला म्हटलं, जेवताना नुसतं म्हण, छोटीला इंजिनिअर होऊ द्या. दोन लाडू लागले."

ही बातमी छोटीला नवी होती. आपण पहिल्या आलो म्हणून बाबांनी होकार दिला, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

तिने गाडीत बसून दादाला फोन लावला.

"अरे वा! छोटे, तू आणि फोन? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. तेवढ्यासाठीच फोन केलाय."

तिने सांगितलं. त्याने मध्येच कुणाला तरी कॉफी सांगितली, मग म्हणाला, "पण हे तूच सांग ना त्यांना. तुझा विषय आहे."

"सांगितलं. त्यांनी दाताच्या डॉक्टरला विचारलं."

दादा मनापासून हसला. तो वाईट नव्हता. आयुष्यात त्याला कधी काही दोनदा सांगावं लागलं नव्हतं, एवढाच त्याचा दोष. "बरं बाई, सांगतो. खांब आणि काय?"

"पट्ट्या. आणि खांब टोकापर्यंत. लिहून घे."

"लक्षात राहील गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पुढच्या रविवारी बाबा तिची वाट बघत फाटकात उभे होते. "ये," ते म्हणाले. "दादाने प्रश्न सोडवला."

ते तिला हात धरून गॅरेजमध्ये घेऊन गेले. इतकी वर्षं त्यांनी तिचा हात धरला नव्हता, त्यामुळे काय पाहायचंय याकडे तिचं लक्ष जरा उशिराच गेलं. भिंतीच्या मध्यभागी खांब उभा राहिला होता, विटांचा, चांगला जाडजूड. तो खालून वर, त्रिकोण जिथे सुरू होतो तिथपर्यंत गेला होता आणि तिथेच थांबला होता. कारण त्याच्यावर, त्रिकोणाच्या ऐन पोटात, मोठ्या परातीएवढं एक गोल भोक पाडलं होतं. भोकातून आभाळ दिसत होतं. एक कावळा आत डोकावून गेला.

"हे काय?" छोटीने विचारलं.

"झरोका. दादा म्हणाला, वाऱ्याला अडवायचं कशाला? जाऊ द्यावा आरपार. भिंतीवर जोरच येत नाही मग." बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "एवढ्या लांब बसून, भिंत न बघता! याला म्हणतात डोकं."

"आणि पट्ट्या?"

"कसल्या पट्ट्या?"

पट्ट्या दादाच्या लक्षात राहिल्या नव्हत्या. खांब झरोक्याच्या आड येईल म्हणून बाबांनी तो खालीच थांबवला होता. म्हणजे जिथे खांबाची गरज कमी होती तिथे खांब होता, जिथे जास्त होती तिथे भोक होतं, आणि आधी जी भिंत नुसती अशक्त होती ती आता अशक्त आणि भोकाची झाली होती.

छोटीने तिथेच उभं राहून दादाला फोन लावला आणि बोलत बोलत अंगणात गेली. "भोक कुठून काढलंस तू?"

"अगं, ते सुचलं मला बोलता बोलता," दादा म्हणाला. "नुसतं तुझंच सगळं घडाघडा म्हटलं असतं तर बाबांना संशय आला असता. काहीतरी माझं पण नको? का, चुकलं?"

"भिंत आणखी कमजोर झाली."

"अरेरे."

"त्यांना फोन कर. सांग, भोक बुजवा, खांब वर न्या, पट्ट्या ठोका."

"छोटे, ते फार खूश झालेत गं. मघाशी म्हणाले, तू इथे असतास तर घराचं सोनं केलं असतंस. आता लगेच फोन करून म्हणू, की मी चुकलो? त्यांना काय वाटेल?"

"आणि भिंत आईवर पडली तर त्यांना काय वाटेल?"

"तू आहेस ना तिथे," दादा म्हणाला. "बघ ना जरा."

छोटी आत आली. बाबा झरोक्यातून पडलेल्या उन्हाच्या गोल कवडशात उभे होते. तिने ठरवलं की आता मुद्द्याचं बोलायचं, ऑफिसात बोलतो तसं, पायरीपायरीने. वारा भिंतीला नुसता ढकलत नाही, दुसऱ्या बाजूने ओढतोही. भोकाने तो जोर जात नाही, फक्त धरून ठेवणाऱ्या विटा कमी होतात. गॅरेजचा दरवाजा उघडा असेल तर आत शिरलेला वारा याच भिंतीवर आपटणार. बाबा ऐकत होते. खरंच ऐकत होते, आणि क्षणभर छोटीला वाटलं की झालं.

"तुझ्या इमारती वेगळ्या," बाबा म्हणाले. "हे घर आहे."

"वाऱ्याला ते कळत नाही, बाबा."

"मी हटवादी नाही, छोटे. दादाने सांगितलं, मी तासाभरात गवंडी बोलावला. मी ऐकणारा माणूस आहे. नीट सांगणारा हवा."

"त्याला ते मी सांगितलं होतं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "काय?"

"खांब. मी त्याला फोन करून सांगितलं, तुम्हाला सांग म्हणून. माझं तुम्ही ऐकत नाही म्हणून."

बाबा विचारात पडले. जुन्या सवयीने ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, वजनाच्या तळाला चिकटवलेलं शिसं शोधावं तसे. मग त्यांना ते सापडलं.

"असं? मग झरोकाही तूच सांगितलास?"

छोटीने वर भोकाकडे पाहिलं.

"बोल की. झरोका तुझा का?"

"नाही. झरोका त्याचा."

"बघ," बाबा मायेने म्हणाले. "खांब काय, कुणीही सांगेल. गवंडीही सांगेल. मुख्य गोष्ट त्याचीच निघाली ना?" त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "बहीणभावांत असलं चालायचंच. मनाला लावून घेऊ नकोस."

भिंतीपलीकडून शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. म्हणजे आईने सगळं ऐकलं होतं. एक शब्द बोलायला ती आत आली असती तर, असं छोटीच्या मनात आलं. शेंगा मोडत राहिल्या.

त्या आठवड्यात बाबा निवृत्तांच्या सहलीला गेले. बस फाटकासमोरून हलली आणि छोटी गवंड्याला घेऊन हजर झाली. सोबत लोखंडी पट्ट्या, वाशांमध्ये ठोकायचे लाकडी ठोकळे, आणि झरोक्याच्या दोन्ही बाजूंनी खांबाच्या डोक्यापासून छपरापर्यंत उभे करायचे दोन लोखंडी अँगल. झरोका बुजवता येणार नव्हता, तो लगेच दिसला असता. म्हणून त्याच्या कडेला आतून एक जाड लोखंडी कडं बसवायचं होतं.

गवंड्याने सामान पाहिलं आणि हाताची घडी घातली. "साहेबांना विचारलंय का?"

"मी सांगतेय ना. मी इंजिनिअर आहे."

"तसं नाही ताई. तुम्ही शिकलेल्या आहात, मी कुठे नाही म्हणतोय? पण साहेब आल्यावर मला विचारणार, कुणी सांगितलं. मी काय सांगू?"

छोटीने वर त्रिकोणाकडे पाहिलं. वारा अगदीच साधा होता, कपडे वाळवण्यापुरता, आणि तरी भोकाच्या कडेची एक वीट बारीक कुरकुरत होती. मागच्या बाजूला आईने स्टूल ठेवल्याचा आवाज आला.

"दादाने सांगितलंय," छोटी म्हणाली.

"मग आधी नाही का सांगायचं!" गवंड्याने घडी सोडली आणि शिडी लावली.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. छोटी वासे पकडून वर उभी राहिली. प्रत्येक पट्टी शेवटच्या वाशावरच न थांबता पुढच्या दोन वाशांवर गेली की नाही, मधले ठोकळे घट्ट बसले की नाही, पट्टीचं वळवलेलं टोक नीट विटेत रोवलं की नाही, हे तिने एकेक हलवून पाहिलं. शेवटी तिने तळहात लावून सगळं अंग भिंतीवर टाकलं. भिंत जागची हलली नाही. इतक्या दिवसांत त्या घरात तिला कुणीतरी पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं होतं.

सहलीहून परतल्यावर बाबांनी अँगल पाहिले, कडं पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुणी केलं?"

गवंडी छोटीकडे बघत होता. आई छोटीकडे बघत होती.

"दादाचा फोन आला होता," छोटी म्हणाली. "झरोक्याला कडं हवं म्हणाला. शोभेसाठी."

"वा," बाबा म्हणाले. आठ्या गेल्या. "मलाही तेच वाटत होतं."

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी वादळ आलं. कोपऱ्यावरचं झाड आडवं झालं, विजेच्या तारा लोंबल्या. बाबांच्या नकाशावरून दंतवैद्यांनी बांधलेलं, रंगही न दिलेलं नवं गॅरेज मागच्या बाजूने आडवं झालं आणि सगळ्या विटा त्यांच्या गुलाबांच्या कुंड्यांवर पसरल्या. माणूस कुणी तिथे नव्हतं. बाबांची भिंत जशीच्या तशी उभी होती.

छोटी पोचली तेव्हा कुंपणापाशी घोळका जमला होता आणि बाबा मधोमध उभे होते. "नकाशा तोच," ते सांगत होते. "वीट तीच, गवंडी तोच. फरक काय? झरोका! यांच्याकडे वारा अडला, आमच्याकडे आरपार गेला." त्यांनी फोन उंच धरला होता आणि त्यात दादा कॉफीचा कप घेऊन दिसत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"अहो, त्यात काय एवढं, बाबा," दादा म्हणाला. मग त्याला पडद्याच्या कोपऱ्यात छोटी दिसली. त्याने कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली आणला नाही.

आई ओट्यावरून खाली उतरली होती. "खरंच गं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "दादाचं डोकंच वेगळं." हे म्हणताना तिने छोटीचा हात पाठीमागून घट्ट दाबला. छोटीने हात सोडवून घेतला.

दंतवैद्य पडक्या विटांमधून वाट काढत कुंपणापाशी आले. रात्रीतून ते वयाने वाढल्यासारखे दिसत होते. "मला पुन्हा बांधायचंय," ते म्हणाले. "यावेळी नीट."

"छोटी काढून देईल झरोक्याचं चित्र," बाबा म्हणाले. "दादाला कुठे वेळ असतो? जा गं, टेप घेऊन जा."

छोटी गेली. बाबाही मागोमाग आले, फोन हातातच होता. पडलेल्या भिंतीचा खालचा पट्टा तेवढा उभा होता. छोटीने दोन-चार विटा उलटून पाहिल्या. चुना-सिमेंटात काही खोट नव्हती. भिंत कशालाच धरून नव्हती, बस.

दंतवैद्य तिच्याजवळ वाकले आणि बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "मला एक सांगा. ते भोकाचं मला काही पटत नाही. तुमच्या भिंतीला आतून लोखंड लावलेलं मी पाहिलंय. तुम्ही इंजिनिअर आहात ना? मी तुम्हाला विचारतोय. तुमचं मत काय?"

एवढं सरळ त्या गल्लीत तिला कुणी कधीच विचारलं नव्हतं. छोटी सरळ उभी राहिली. उत्तर तयार होतं, खांबापासून पट्टीच्या वळवलेल्या टोकापर्यंत, वर्षानुवर्षं तयार होतं. तिने तोंड उघडलं.

"दादा म्हणतो," ती म्हणाली, "भोकाची गरज नाही. खांब टोकापर्यंत न्या आणि पट्ट्या ठोका."

मागे बाबांनी समाधानाने मान डोलावली. दंतवैद्य थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी नजर वळवली आणि म्हणाले, "बरं. दादा म्हणतो तसं करू."

छोटीने टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि मापं घ्यायला सुरुवात केली.